बंब गळायला लागला, आता पाणी कशावर तापवायचे?

तांब्याचा बंब सहसा एका दिवसात निकामी होत नाही. आधी तोटीच्या मुळाशी थेंब दिसतो. मग मधल्या नळीला बारीक छिद्र पडते, पाणी विस्तवावर टपकू लागते आणि धूर दुप्पट होतो. तांबट एकदोनदा झाळून देतो. तिसऱ्या वेळी तोच म्हणतो, पत्रा विरलाय, आता मोडीत घाला. झाळून देणारा तांबट तरी आता सहज कुठे सापडतो? तिथून पुढे घरात चर्चा सुरू होते, आणि बहुतेक घरांत तिचा निकाल दुकानदार लावतो. जे त्याच्याकडे शिल्लक असते, ते तो देतो. आमच्या मते पाणी कशावर तापवायचे हा आधी आरोग्याचा प्रश्न आहे आणि मग खर्चाचा. म्हणून थंडी सुरू होताना तो या पानावर घेतला आहे.

गरम पाणी म्हणजे चैन, असे अजूनही काही घरांत पुरुष मंडळी बोलतात. बाळंतीण, पाच वर्षांच्या आतले मूल, दम्याचा माणूस आणि सत्तरीच्या पुढची आई यांच्यासाठी ती चैन नाही. विदर्भातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या मुलाने थंड पाण्याने अंघोळ केली, पावसात भिजला, गारठ्यात बसला, की हाडांत कळा सुरू होऊ शकतात. अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या गारठ्याने आकसतात आणि विळ्यासारख्या झालेल्या पेशी तिथे अडकतात. अशा घरात हिवाळ्यातले कोमट पाणी औषधाच्या गोळीइतकेच गरजेचे आहे. फक्त ते ज्या साधनावर तापते, त्याने जीव घेऊ नये.

बंबाची एक गोष्ट आपण विसरलो आहोत. तो अंगणात किंवा मागच्या पडवीत असायचा. बंबफोड, गोवऱ्या, तुराट्या जे मिळेल ते त्यात जळायचे, डोळे चुरचुरायचे, पण धूर आभाळात जायचा. पाणी घंगाळात घेऊन माणूस न्हाणीत जायचा आणि विस्तव बाहेर राहायचा. नंतर घरे लहान झाली, अंगण गेले, चाळ किंवा इमारतीतली एक खोली वाट्याला आली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेने सिलिंडर गावोगाव पोहोचला. मग विस्तव भिंतीवरच्या एका चपट्या डब्यात बसून थेट न्हाणीत शिरला. चार बाय पाचच्या खोलीत, दार लावून, कडी घालून. नळ सोडला की गिझर पेटतो, ज्योत डब्याच्या आत असते, म्हणून आपण चुलीजवळ बसलो आहोत हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

थोडा हिशेब करू. सिलिंडरमधला एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. घरगुती गॅस गिझर मोठ्या ज्योतीवर तासाला एक किलोच्या आसपास गॅस खातो, म्हणजे दहा मिनिटांत दोन घनमीटरहून जास्त हवा. आता आपली न्हाणी मोजा. चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच. ही झाली १६० घनफूट, म्हणजे साडेचार घनमीटर. खिडकी वर्तमानपत्राने बंद केलेली असेल, आणि थंडीत ती असतेच, तर दहा मिनिटांत खोलीतल्या जवळपास निम्म्या हवेइतका प्राणवायू ज्योतीने वापरलेला असतो. आत अंघोळ करणारा माणूसही त्याच हवेवर श्वास घेत असतो. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी जरी उतरला, तरी ज्योत अर्धवट जळू लागते आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा वायू जितका साठतो तितका धोका वाढतो आणि ज्योत आणखी बिघडत जाते.

बहुतेकांचा गैरसमज नेमका इथे होतो. लोक म्हणतात, गॅसचा वास आला नाही, मग गॅस कसा असेल? सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो न जळलेल्या गॅसचा वास आहे. कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. या बाबतीत धुराचा बंब जास्त प्रामाणिक होता, खोकला आणून माणसाला बाहेर तरी काढायचा.

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. गाडी धावत असते, पण सीटवर दुसराच बसलेला असतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, पायांतले बळ जाते. दम लागल्यासारखे वाटेलच असे नाही. कडी काढायला हात वर करावा, तर हात साथ देत नाही. ज्याचे हिमोग्लोबिन मुळातच सात-आठ आहे, अशा बाईला किंवा सिकलसेलच्या मुलाला हे फार लवकर होते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आणखी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे आई शुद्धीवर आली तरी बाळाची तपासणी झालीच पाहिजे.

न्हाणीत बेशुद्ध पडणे किंवा झटका येणे, याला आपल्या देशातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नाव देऊन त्यावर लिहिले आहे. नाव द्यावे लागले, कारण असे रुग्ण फिट म्हणून, चक्कर म्हणून, हृदयाचा त्रास म्हणून येत होते आणि गिझरचा कोणी उल्लेखच करत नव्हते. धुळवड-रंगपंचमीच्या दिवशी धोका जास्त. रंग निघत नाही म्हणून अंघोळ लांबते, एकामागून एक माणूस आत जातो आणि गिझर बंदच होत नाही. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सोय चांगलीच आहे, पण वरचा हिशेब पुन्हा पाहा, आपण दहाच मिनिटांचा केला होता.

मग गॅस गिझर घेऊच नये का? घ्या, पण न्हाणीत लावू नका. आमचे उत्तर एवढेच आहे, आणि यात तडजोड करायची आमची तयारी नाही. गिझर बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मागच्या मोकळ्या बोळात लावायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी भिंतीतून आत आणायची. प्लंबर म्हणेल, पाइप लांब जाईल, पाणी निवेल. दहा फुटांच्या पाइपात निवून किती निवेल! सिलिंडरही बाहेरच, उभा. जिन्याखालच्या बंद कोनाड्यात दोन्ही कोंबणे म्हणजे बाहेर लावणे नव्हे. स्वयंपाकघरात लावला तर निदान खोली मोठी मिळते, पण तिथेही धूर बाहेर नेणारी नळी हवी आणि खिडकी उघडी हवी. स्वस्तातल्या बऱ्याच गिझरांना ही नळी नसतेच, डोक्यावर नुसत्या फटी असतात.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे,’ असे एक ताई मोठ्या विश्वासाने म्हणतात. पंखा हवा बाहेर फेकतो खरा, पण आत येणारी हवा कुठून येणार? दार घट्ट बसलेले असेल आणि खालून फट नसेल, तर पंखा नुसता घरघरतो. नळी असलेल्या गिझरच्या बाबतीत तर तो बाहेर जाणारा धूरच उलटा आत ओढू शकतो. पंखा चांगला, पण तो न्हाणीतल्या गिझरला परवाना देत नाही.

ज्योत निळी असते तोवर ठीक. पिवळी होऊ लागली, गिझरच्या वरच्या भिंतीवर काजळी दिसू लागली, की त्याच दिवशी बंद करून साफ करून घ्या. पाइपगॅस आलेल्या मुंबई-पुण्याच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे, सिलिंडरवरचा गिझर जसाच्या तसा पाइपगॅसवर जोडता येत नाही. दोन्ही गॅस वेगळे आहेत, त्यांची ज्योतीची छिद्रे वेगळी असतात. जुना गिझर नव्या जोडणीवर चालवून देणारा जुगाडू मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता विजेकडे येऊ. न्हाणीच्या आत लावायचे असेल तर टाकीचा विजेचा गिझर हाच मार्ग. त्यात ज्योत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही. इथला धोका करंटचा आहे, आणि तो गिझरपेक्षा घरातल्या वायरिंगवर अवलंबून असतो. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. टीव्ही-मोबाईलचा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. म्हणून १६ अँपिअरचा पॉवर प्लग, मीटरपासून वेगळी वायर आणि खरे अर्थिंग, ही तीन कामे आधी करायची, गिझर नंतर आणायचा. वस्तीतल्या जुन्या घरांत तीन पिनींचा प्लग असतो आणि त्याच्या तिसऱ्या भोकात वायरच नसते, असे कितीतरी ठिकाणी दिसते. वायरमनला फक्त ‘अर्थिंग आहे का?’ असे विचारू नका, समोर टेस्ट लावून दाखवायला सांगा.

एमसीबी आणि आरसीसीबी यांत लोक गल्लत करतात. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. करंट अंगातून जमिनीत जाऊ लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा. त्याच्यावर टी लिहिलेले एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. पडला तर चालू आहे. नाही पडला तर बदला. मोडीत घातलेल्या बंबाच्या तांब्याला चांगला भाव येतो, त्या पैशात हे काम बसू शकते. फक्त भंगारवाल्यासमोर वजन आपण स्वतः पाहावे आणि तोटी पितळेची असते म्हणून सगळाच बंब पितळेच्या भावात देऊ नये.

तीन-चार माणसांच्या घराला १५ लिटरची टाकी पुरते, एकामागून एक बादली भरून घेतली तर. आयएसआय खूण पाहा. स्टार जास्त म्हणजे पाणी लवकर तापते असे नाही, तापलेले पाणी टाकीत नुसते पडून निवताना वीज कमी वाया जाते, एवढा त्याचा अर्थ. मराठवाड्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने कॉइलवर पापुद्रा धरतो. तिथे दर वर्षी, निदान दोन वर्षांनी, उघडून साफ करायला लागतोच, तो खर्च आधीच धरून ठेवा. टाकीला वाफेचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. त्यातून थेंब पडतात म्हणून तो बुच मारून बंद करणारे महाभाग आहेत. तो कधीही बंद करू नये, टाकी फुटते.

रॉडबद्दल थोडेच लिहितो. रॉड स्वस्त आहे, भाड्याच्या खोलीत सोयीचा आहे, आणि आमच्या मते घरात मूल असेल तर नकोच. १५०० वॅटचा रॉडसुद्धा साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे छोट्या प्लगला तोही जड. वापरायचाच असेल तर प्लॅस्टिकची बादली, रॉड आधी पाण्यात, बटण नंतर. काढताना बटण बंद, पिन काढलेली, मगच हात. पाणी तापले का हे बोट घालून पाहण्याची सवय कित्येकांच्या जिवावर बेतते.

खर्चाचे बोलू. विसण घालून अंघोळीजोगे झालेले वीस लिटरचे पाणी, म्हणजे एक भरलेली बादली, तयार करायला विजेवर साधारण अर्धे युनिट लागते. गॅसवर साधारण ५० ग्रॅम. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये पावणेतीनशे-तीनशे बादल्या. तुमच्या बिलात युनिट दहा रुपयांना पडत असेल तर विजेची बादली पाच रुपयांना. सिलिंडर नऊशे रुपयांना धरला तर गॅसची बादली तीन रुपयांना. आपला दर घालून हिशेब करून पाहा. चार माणसांच्या घराला थंडीच्या तीन महिन्यांत फरक सहा-सातशे रुपयांचा पडतो. हा फरक खरा आहे, रोजंदारीच्या घराला तो जाणवतो, आम्ही तो झटकून टाकत नाही. बाहेर लावायला जागा असेल तर गॅस जरूर घ्या आणि ते पैसे वाचवा. जागा नसेल तर तेवढे पैसे द्या.

ज्यांचे रमाई आवासमधून स्लॅबचे घरकुल झाले आहे, त्यांनी सोलरचा विचार करावा. १०० लिटरचा संच तीन-चार माणसांना पुरतो, ऊन असेल त्या दिवशी इंधनाचा खर्च शून्य, धूर नाही, करंट नाही. पत्र्याच्या छपरावर तो बसवू नये, पाण्यासकट त्याचे वजन दीडशे किलोच्या आसपास जाते. पावसाळ्यात दुसरी सोय ठेवावीच लागते. आणि ज्यांचे अंगण अजून शाबूत आहे, तांबटही भेटतो आहे, त्यांनी बंब दुरुस्त करून वापरला तर आमची काही हरकत नाही. फक्त त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुन्या चपला, टायरचे तुकडे जाळू नयेत. तो धूर सगळ्यात आधी पेटवणाऱ्या बाईच्या छातीत जातो. बंब पेटवायची पाळी घरातल्या पुरुषाने घ्यायलाही कुठला नियम आड येत नाही.

अंगणातली शेगडी मात्र आत आणू नका. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, खिडक्यांना चादरी आणि दार बंद, ही पद्धत अजून चालू आहे. निखाऱ्यातून धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, आणि त्या खोलीत दहा दिवसांचे बाळ असते. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या आणि खोली उघडी ठेवा.

बाळाला आणि म्हाताऱ्या माणसांना भाजण्याचा धोकाही असतो. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजते. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना तर ते कळतही नाही. बादलीत आधी थंड पाणी घ्यायचे, मग गरम. आपल्याकडे गरम पाण्यात वरून विसण घालतात, तो क्रम उलटा करायचा. गिझरचे बटण ५० अंशांच्या आसपास ठेवले तर बिलही कमी येते.

आता पुण्याला किंवा संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी खोली करून राहिलेल्या मुला-मुलींच्या आई-वडिलांसाठी. तुमचे मूल ज्या न्हाणीत अंघोळ करते तिथे गिझर कुठे लावला आहे, हे आज फोन करून विचारा. फोटो मागवा. आत असेल तर घरमालकाशी बोलायचे काम पोराने एकट्याने करू नये, त्या मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून करावे. गिझर बाहेर जाईपर्यंत एक पद्धत पाळायची. दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, दोन मिनिटे थांबायचे, मग आत जाऊन अंघोळ करायची. नळ चालू ठेवून अंघोळ नाही. कडी नाही, दार नुसते लोटायचे, आणि खोलीतल्या जोडीदाराला सांगून जायचे.

कोणी आतून आवाज देत नसेल तर दार तोडा. आधी गॅस बंद करा, दार-खिडक्या उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. वाचवायला गेलेला दुसरा माणूस आत पडतो, म्हणून आत शिरताना श्वास रोखून जा आणि लगेच बाहेर या. श्वास चालत नसेल तर छाती दाबणे सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. जवळ विजेचा गिझर किंवा रॉड असेल, तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच खाली.

दवाखान्यात पोहोचल्यावर पहिले वाक्य हे बोला: ‘न्हाणीत गॅस गिझर चालू होता.’ शेगडी असेल तर शेगडी म्हणा. हे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण बोटाला लावायचे ऑक्सिजनचे मशीन इथे फसवते. त्याला प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रुग्ण गुदमरलेला असतो आणि मशीन ९८ दाखवते. आमच्यापैकी ज्यांनी कॅज्युअल्टीत ड्यूटी केली आहे, त्यांना हे माहीत आहे की ९८ पाहिले की गर्दीच्या वेळी पेशंट बाकावर बसवला जातो. कोविडच्या काळात घरी घेतलेले ते मशीन लावून ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणत घरीच थांबू नका. उपचार म्हणजे पिशवी असलेल्या घट्ट मास्कने पूर्ण ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर एक ते दीड तास. म्हणून शुद्ध आली तरी मास्क लगेच काढू देऊ नका, डॉक्टरांना विचारूनच काढा.

घरी आल्यावर महिनाभर लक्ष ठेवा. काही जण बरे होऊन जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरू लागतात, चालताना अडखळतात, चिडचिड करतात, एकाच जागी बसून राहतात. घरचे लोक याला वेड म्हणतात, बाहेरचे म्हणतात, नजर लागली. तो त्याच वायूचा मेंदूवर उशिरा दिसणारा परिणाम असतो. रुग्णाला डिस्चार्ज कार्ड घेऊन परत मेंदूविकाराच्या ओपीडीत न्यायचे, आणि केसपेपरवर गिझरची गोष्ट लिहिली आहे ना, हे वाचून पाहायचे. नसेल तर लिहून घ्यायचे.